मामंजींचं नाव

माझ्या सासऱ्याचं नाव कुबत. बघा, घेतलं की नाही? माझी जीभ पहिल्यापासून सैल. बिश्केकमध्ये उभी हयात ट्रॉलीबस चालवली, रोज कुणाशी ना कुणाशी भांडण ठरलेलं, त्यात नावाचं सोवळं कोण पाळतंय? शिवाय मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारा मातीआड झालेला होता. मला कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

माझ्या थोरल्या जावेचं, सायराकानचं तसं नव्हतं. ती ह्या कोचकोर गावातल्या घरात आली तेव्हा कोवळी पोर होती आणि म्हातारा चांगला धडधाकट, घोड्यावरून गाव हलवणारा. आमच्यात सुनेनं सासरच्या थोरल्यांचं नाव घ्यायचं नसतं. हल्लीच्या पोरी पाळतात कुठे, सासऱ्याला फोनवर नावानं हाक मारतात. पण सायराकाननं पाळलं. त्यात पुन्हा कुबत म्हणजे आमच्या बोलीत बळ. म्हणजे साधं 'अंगात बळ नाही' म्हणायचीही चोरी. ती म्हणायची 'अंगात दम नाही'. दुकानात कुणा कुबत नावाच्या पोराकडून साखर घ्यायची असली तर 'अरे मामंजींच्या नावाच्या' अशी हाक मारायची. सगळं गाव हसायचं. मीही हसायचे.

म्हाताऱ्याच्या तोंडून कुणाबद्दल बरा शब्द निघत नसे. शेवटी तो अंथरुणाला खिळला तेव्हा सायराकाननंच त्याचं हगणं-मुतणं काढलं, पण त्याचंही त्याला काही नव्हतं. एकदाच, घरी पाहुणे जमलेले असताना तो म्हणाला होता, "माझ्या ह्या सुनेच्या तोंडातून माझं नाव आजवर बाहेर पडलेलं नाही." बस, एवढंच. ही गोष्ट सायराकाननं मला इतक्या वेळा सांगितलीय की मला ती पाठ झालीय. दुसऱ्या बायकांकडे सोन्याची कर्णफुलं असतात, हिच्याकडे हे एक वाक्य होतं.

आम्हा दोघींचे नवरे वारले, मग मीही शहर सोडून गावी आले आणि तिच्या समोरच्या घरात राहायला लागले. तिचा मुलगा रशियात कामाला, सून शाळेत शिकवायला जाते, नातू एर्मेक बिश्केकला. एर्मेक हुशार आहे, ते मी नाकारत नाही. पोरगं गोड आहे, आजीवर जीव आहे त्याचा. म्हणून तर सगळं जास्तच लागतं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यानं आणि त्याच्या मित्रमंडळींनी म्हाताऱ्या माणसांसाठी अंगावर घालायचं यंत्र बनवायला घेतलं. घरात एकटं माणूस पडलं-झडलं तर त्यानं बोलायचं आणि यंत्रानं फोन लावायचा, अशी कल्पना. उन्हाळाभर ते आमच्या गावात ठाण मांडून होते. आधी मनगटाचा पट्टा आणला. सायराकाननं कणीक मळताना तो काढला आणि मिठाच्या बरणीत ठेवला, दोन दिवस कुणाला सापडेना. गावातल्या दुसऱ्या एका म्हातारीचा पट्टा नमाजाआधी हातपाय धुताना निघाला तो निघालाच. मग त्यांच्यातली मेरिम नावाची पोरगी, कॅमेरा घेऊन फिरायची ती, तिच्या डोक्यातून निघालं की आमच्या म्हाताऱ्या गळ्यात तिकोनी ताईत घालतात, यंत्र तसंच करावं. केलं. काळ्या चामड्यात शिवलेलं, हलकं, सुबक. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं.

मी एकच विचारलं, "अरे, ह्याला एक बटण लाव ना. दाबलं की झालं."

"धाकट्या आजी, बटणं म्हातारी माणसं चुकून दाबतात," एर्मेक म्हणाला. "कुशीवर वळलं की दाबलं. मग उगाच धावाधाव. नावानं हाक मारली की चूक होत नाही."

"कुणाच्या नावानं?"

तेव्हा तो असा फुलला की काय सांगू. म्हणाला, नाव छोटं हवं, यंत्राला पटकन कळेल असं हवं, आणि आपलं हवं. आम्ही यंत्राला पणजोबांचं नाव दिलंय. कुबत. म्हणायचं, 'कुबत, मला मदत हवी.' घराण्याचं नाव देशभर होईल.

सायराकान शेगडीशी बसलेली होती. ती राख उकरत राहिली.

"आजी, तू पहिली," एर्मेकनं ताईत तिच्या गळ्यात घातला. "म्हण बरं."

ती म्हणाली, "नंतर म्हणेन."

"अगं आत्ता म्हण. एवढंसं तर आहे."

"तोंडाला जमत नाही रे."

ह्या दीडशहाण्याला वाटलं, दातांच्या कवळीमुळे अडतंय. म्हणून तो आणि मेरिम दोन दिवस यंत्राचा कान तीक्ष्ण करत बसले, म्हणजे बोळकं तोंड असलं तरी कळावं. शेवटी मला राहवेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तर माझी सवयच. मी त्याला अंगणात गाठलं आणि सांगितलं, "बाबा, तुझ्या आजीनं हे नाव जन्मात घेतलेलं नाही. तिच्या सासऱ्याचं आहे ते. दुसरं काही ठेव. दगड ठेव, धोंडा ठेव."

तो आधी हसला. मग म्हणाला, "आजच्या जमान्यात, धाकट्या आजी? पणजोबांच्या मानासाठीच तर दिलंय. आणि आता खोकी छापून झालीत, यंत्राला शिकवून झालंय. पन्नास म्हाताऱ्यांनी म्हणून दाखवलं, कुणाला काही अडचण नाही."

"त्या पन्नासांचा तो सासरा नव्हता, गाढवा."

"एकासाठी सगळं बदलता येत नाही ना."

"ती एक तुझी आजी आहे."

ह्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. अगदी मायेनं बोलला तो. "आजी घालेल की. आणि वेळ आली तर म्हणेलही. जिवावर बेतलं की सगळे म्हणतात."

सायराकाननं घातलं. नातवानं केलेलं, नाही कसं म्हणणार? गळ्यात घालून मिरवलीसुद्धा. शेजारणींना दाखवायची, "माझ्या एर्मेकनं केलंय." हाक मारायचं काय, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मारतात कशीतरी." आणि रोज रात्री आठवणीनं चार्जिंगला लावायची. मी म्हणायचे, "जाऊबाई, ह्याला तुम्ही बोलणारच नाही तर पोटभर खायला कशाला घालता?" ती म्हणायची, "एर्मेक फोनवर विचारतो ना."

जानेवारीत ती पडली. गोठ्याच्या दारात बर्फ गोठून काच झाली होती, गाईला कोंडा द्यायला गेली आणि घसरली. सून शाळेत. मी घरात रेडिओ लावून बसलेली. मला एर्मेकचा फोन आला, बिश्केकहून. आवाज ओळखू येईना त्याचा. "धाकट्या आजी, पळ, आजी पडलीय, यंत्रानं कळवलंय."

मी पळाले. माझे गुडघे म्हणजे कुरकुरणारी दारं, तरी पळाले. ती दारात आडवी, पाय भलतीकडेच वळलेला, ओठ निळे. मी तिच्यावर माझा कोट टाकला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. वाटलं, आई गं म्हणेल, रडेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "कुणी ऐकलं?"

"काय?"

"मी घेतलं नाव. आधी बाकी सगळं म्हणून पाहिलं गं. मामंजी म्हटलं. थोरल्या घरचे म्हटलं. अहो ऐका म्हटलं. ते हूं की चूं करेना. मग थंडी वाजायची थांबली. तेव्हा मी घाबरले."

थंडी वाजायची थांबली म्हणजे माणूस गोठून मरायला लागलं, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे.

"कोण ऐकणार इथं?" मी म्हणाले. "गाय."

"गायच ना?"

"गाय आणि ते डबडं. आणि डबड्याला काय कळतंय."

तेव्हा कुठे तिनं डोळे मिटले आणि कण्हायला लागली. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात ती महिनाभर होती. तिथंही मला जवळ बोलावून हळूच विचारायची, "तू कुणाला सांगितलं नाहीस ना?" मी म्हणायचे, मी कशाला सांगू? आणि खरंच नाही सांगितलं. माझ्यासारख्या बाईनं एवढी गोष्ट पोटात ठेवली, म्हणजे विचार करा. हळूहळू तिचं विचारणं थांबलं. गावी परत आल्यावर तर एक दिवस म्हणाली, "झाली चूक, पण झाकली गेली. वर गेल्यावर मामंजींची माफी मागेन, मी आणि ते बघून घेऊ." खुलली होती. काठी टेकत स्वतःच्या हातानं कणकेचे बोरसोक तळायला लागली होती.

मे महिन्यात एर्मेकनं आजी वाचली म्हणून मेंढा कापला आणि सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलावलं. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, जुमाकादिर काका, नव्वदीचे, कालपाक टोपी घालून वरच्या जागी बसले. त्यांच्या बाजूला वाड्यावस्त्यांवरची सगळी म्हातारी मंडळी. सायराकाननं पांढरा नवा रुमाल बांधला होता. सगळ्यांना ती स्वतः चहा देत होती, कुणाला हात लावू देईना.

मांस खाऊन झालं, हात धुऊन झाले, आणि एर्मेक उभा राहिला. म्हणाला, आज मी तुम्हाला एक गोष्ट ऐकवणार आहे. त्यानं खिडकीत एक स्पीकर ठेवलेला होता. मला वाटलं, गाणं लावतोय.

आधी वारा ऐकू आला. मग गाय हंबरली. मग सायराकानचा आवाज.

"मामंजी. अहो मामंजी. ऐका ना."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. यंत्र ते सगळं साठवून ठेवत होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही नाही.

"थोरल्या घरचे, पाया पडते तुमच्या. फोन लावा."

जमलेले लोक हसायला लागले. वाईट मनानं नाही. म्हातारी यंत्राला मामंजी म्हणतेय म्हणून हसले. नंतर आवाजात रडणं मिसळलं, आणि बराच वेळ नुसता वारा. मग ती म्हणाली, "माफ करा." आणि मग नाव. एकदा पुटपुटल्यासारखं, यंत्राला कळलं नसावं. मग मोठ्यानं. मग ओरडून.

यंत्र म्हणालं, "मी ऐकतोय."

खोलीत टाळ्या. मी सायराकानकडे बघितलं. ती किटली धरून उभी होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. ती बघत होती ते जुमाकादिर काकांकडे. सासऱ्यांच्या पाठचा तेवढा एकच जिवंत.

काकांनी डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं त्यांना. म्हणाले, "शेवटी सुटली म्हणायची सूनबाईची जीभ. अगं वेडे, एवढी का थांबलीस? मेली असतीस ना नावापायी."

"ह्याची जाहिरात करणार आहोत आम्ही," एर्मेक म्हणाला. "आजी, आता एकदा कॅमेऱ्यासमोर म्हण. हसून म्हण. मेरिम, उजेड बरा आहे ना?"

मी उठले. तोंडात येईल ते बोलले. "लाज वाटत नाही तुम्हाला? माणसाचं दुखण्यातलं कण्हणं असं चारचौघांत वाजवतात? जन्मभर जिभेवर येऊ दिलं नाही तिनं, आणि तू तमाशा लावलायस."

एर्मेक गोंधळला. खरंच गोंधळला, ढोंग नव्हतं. "पण त्यानंच वाचली ना ती?"

वाचली होतीच. समोर उभी होती.

"जाऊ दे गं झुरा," काका म्हणाले. "जुनं ते जुनं. सूनबाई, आमची परवानगी आहे. म्हण. माझा भाऊ असता तर त्यानंही दिली असती. म्हण, म्हण."

सगळेच म्हणायला लागले, म्हण, म्हण. सायराकाननं किटली खाली ठेवली. मला म्हणाली, "बस झुरा." मग रुमाल नीट केला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून ते नाव घेतलं. मेरिम म्हणाली, थोडं मोठ्यानं. तिनं पुन्हा घेतलं. मग खिडकीबाहेरून कुणीतरी आडवं गेलं म्हणून परत घ्यायला लावलं, तर परतही घेतलं. सांगतील तसं. सून ना ती. नको म्हणाले तेव्हाही ऐकलं, घे म्हणाले तेव्हाही ऐकलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी भांडी विसळत बसलो. एर्मेक बाहेर गाडीत सामान भरत होता, शीळ घालत. मी त्याला आणि त्याच्या यंत्राला मनसोक्त शिव्या देत होते. तिनं मला मधेच थांबवलं.

"त्याला नको बोलूस. तो पोर आहे." मग बशी विसळत म्हणाली, "कुणी रागावलं नाही गं."

"नाही रागावलं. बरंच झालं की."

"मला वाटलं होतं, धाकटे मामंजी तरी उठून जातील." तिनं बशी पालथी घातली. "एक जण तरी उठून जायला हवा होता, झुरा. एक जण तरी."