पाय दाबला की थरथर

मित्रांनो, मी धारगळची एक जुनी पांढरी व्हॅन आहे. पांढरी आता फक्त नावाला. माझी पहिली सात वर्षे डिचोलीत एका भुसारी दुकानाची पोती वाहण्यात गेली. खाणीच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ माझ्या दारांच्या फटींत जी बसली, ती कधी निघालीच नाही. नवी होते तेव्हा दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. पुढे माळ बंद झाली आणि धुणेही. शेवटी योगिताने मला विकत घेऊन पेडणे तालुक्यात, धारगळला आणले.

योगिता मूळची दोडामार्गची. मला तीच चालवते. सकाळी सहा बायकांना तुयेच्या कारखान्यात सोडायचे आणि संध्याकाळी घरी आणायचे, हे आमचे काम. तिचा नवरा सदाशिव पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. एका अपघातात त्याच्या शेजारी बसलेला क्लीनर नारायण गेला. तेव्हापासून सदाशिव कुठल्याच गाडीत बसत नव्हता. बाजारालासुद्धा चालत जाई.

यंदा दिवाळीनंतर माझ्या अंगात थरथर सुरू झाली. योगिताने ॲक्सिलरेटर दाबला की माझा तळ हादरे, सीट कापू लागत. पाय सोडला की सगळे शांत. दुखत कुठे होते, ते मला पक्के ठाऊक होते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा माझ्या पोटाखाली फिरतो. त्याच्या पुढच्या टोकाचा सांधा झिजला होता. तो सुटला तर फिरता दांडा रस्त्यावर आपटणार, आणि वर माझ्या पोटात सहा बायका! पण मला बोलता कुठे येते? मी फक्त थरथरत होते.

गॅरेजवाल्या साईशने माझी चाके तपासली आणि तोल नीट करून दिला. थरथर गेली नाही. मग त्याने इंजिनाचे प्लग बदलले. तरीही नाही. तो गुणी माणूस होता, पण मला नेहमी रिकामी आणि सावकाश फिरवून बघे. सहा जणींना घेऊन चढ चढताना माझे काय होते, ते त्याला कसे कळणार?

गडहिंग्लजची चंद्रभागा माझ्या मधल्या सीटवर बसायची. हल्ली ती चढ आला की पुढची दांडी घट्ट धरून डोळे मिटून घेई. एकदा ती म्हणाली, "योगिता, अगं ही गाडी न्हवं, हिला हिवताप आलाय." सगळ्या हसल्या. मला मात्र हसण्यामागची भीती ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी दोघी जणी आल्याच नाहीत.

त्या शनिवारी दुपारी योगिताने घरी विषय काढला. सदाशिव अंगणात काजूच्या फांद्या तोडत होता. त्याचा कोयता थांबला.

"वेगाक थरथरता, की पाय दाबल्याक?"

"म्हणजे?"

"पन्नासार पाय सोडून बघितलंस?"

तिने बघितले नव्हते. सदाशिव बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने दार उघडले आणि माझ्या पुढच्या सीटवर बसला. त्याचा घाम सीटच्या कापडात उतरलेला मला कळत होता.

ओझरीच्या मोकळ्या रस्त्यावर योगिताने वेग पन्नासवर नेला. मी थरथरले. "पाय काढ." त्याच वेगात मी शांत झाले. "परत दाब." परत थरथर. मग त्याने मला उभी करून गिअर काढायला लावला आणि इंजिन जोरात फिरवायला सांगितले. मी हलले नाही.

"चाका न्हय, इंजिनय न्हय," तो म्हणाला. "मधलो दांडो."

थेट साईशच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर मला उभी केली. सदाशिव स्वतः खाली उतरला आणि त्याने माझा दांडा हातात धरून पिळला. कट्‌ असा आवाज झाला. सांध्याभोवती गंजाची बारीक तांबडी पूड जमली होती. ती बोटावर घेऊन तो वर आला, तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

साईश म्हणाला, "ह्या सांध्याचो नवो क्रॉस सोमवारी दुपारी मेळतलो."

"मगे सोमवारी सकाळी एकच खेप मारतंय," योगिता म्हणाली. "बायो रस्त्यार उभ्यो रवतल्यो. आणि दुपारी गाडी हाडतंय."

सदाशिवने माझी किल्ली ओढून काढली.

"ह्याच म्हटलेला मी!" तो ओरडला. "ट्रक तीन दिवस थरथरत होतो. माका म्हायत होता गे. म्हटला, एक खेप मारतंय, मगे बघूया. चढार दांडो सुटलो, त्येणा ब्रेकाची नळी तोडल्यान. ट्रक मागे घसराक लागलो. नारायणान उडी मारल्यान..."

इतकी वर्षे योगिता तो अपघात नशिबाचाच खेळ समजत होती. तिने चंद्रभागेला फोन लावला आणि सांगितले, "सोमवारी गाडी येवची नाय."

पलीकडून चंद्रभागा भडकली. खाडा पडणार होता. योगिताने सगळे ऐकून घेतले.

सोमवारी संध्याकाळी माझा सांधा बदलला आणि पुढच्या रविवारी योगिता मला डिचोलीला घेऊन गेली. सदाशिव शेजारी बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर आवळून. खरे काय घडले ते सांगायला तो नारायणच्या आईच्या दारात उतरला. ती म्हातारी त्याला आत घेऊन गेली. आत काय बोलणे झाले, मला ऐकू आले नाही. एकदा रडणे ऐकू आले, पण ते कुणाचे होते ते कळले नाही. तास उलटून गेला. तो बाहेर आला तेव्हा म्हातारी पायरीपर्यंत आली, पण तिने त्याला "परत ये" म्हटले नाही. "येऊ नको" असेही म्हटले नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जीभ नसते. धडपणे चालणारी गाडी अचानक थरथरू लागली, तर ती तुम्हाला हाक मारत असते. घरात कुणी म्हणेल, आजच्या दिवस चालेल, उद्या बघू. त्या माणसाच्या हातून किल्ली काढून घ्या. तो रागावेल. रागावू द्या.