रविवारी दोनच ओव्या

"औंदा म्हाळाला फुलाची टेप लावायची न्हाई," लखू म्हणाला आणि हात धुवायला उठला.

नेत्राने बापाच्या ताटाकडे बघितलं. अर्धा भात तसाच होता.

"का, अप्पा?"

"ती लांब चाललीया, बाय. दर वर्षी एकेक शेत पलीकडं जातीया. गेल्या साली तर निस्तं जातंच ऐकू आलं, फुला न्हाईच. जाते म्हणते तर जाऊ दे. माणसाला किती दिस धरून ठेवायचं?"

फुला म्हणजे नेत्राची आई. ती गेली तेव्हा नेत्रा सात वर्षांची होती, आज चौतिशीची आहे. आईचा चेहरा तिला फोटोतला आठवतो. हात आठवत नाहीत, चाल आठवत नाही. आवाज तेवढा आहे, एका कॅसेटीत.

मडगावच्या लाकडाच्या वखारीत दोन वर्षं राबून लखू घरी आला, तेव्हा डोक्यावरून एक स्टिरिओ घेऊन आला होता. एक टेप, एक अॅम्प्लिफायर, गुडघ्याएवढे दोन स्पीकर. एका पहाटे फुला नाचणी दळायला बसली, तेव्हा त्याने सुपामागे मायक्रोफोन लपवला, बटण दाबलं आणि गुपचूप गोठ्यात गेला. परत आला तर जातं थांबलेलं. सूप बाजूला सारलेलं. फुला त्या दिवशी दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. दोन महिन्यांनी, त्याच पावसाळ्यात, ती तापाने गेली.

"रागावून थांबली ती," लखू सांगायचा. "चोरून घेतलं न्हवं मी तिचं गाणं."

तेव्हापासून ती कॅसेट वर्षातून एकदाच बाहेर निघायची. पितृपक्षात, फुलाच्या म्हाळाला, पान वाढून झालं की. टेप झिजेल म्हणून एरवी हात लावायचा नाही. नेत्राने एकदा मोबाइल स्पीकरसमोर धरून आवाज भरून घेतला होता, पण त्यातही जात्याची घुमघुमच जास्त. आई म्हणजे घुमघुमीतून कधीमधी वर येणारा एखादा शब्द.

अप्पाने टेप बंद करायची म्हटल्यावर नेत्राला वाटलं, आई दुसऱ्यांदा जाणार. आणि ह्या वेळी आपण सात वर्षांचे नाही.

दुसऱ्या दिवशी जोयड्याच्या रोपवाटिकेतलं काम आटोपून तिने रामनगरची बस धरली. तिथे प्रशांतचं रेडिओ-टीव्हीचं दुकान. हा मूळचा खानापूरकडचा, तोंडाने गिऱ्हाइकाला हसवत हसवत आत ओढणारा.

"अक्का, तो डबा आता संग्रहालयात दे," तो म्हणाला. "हे बघ होम थिएटर. पाच स्पीकर आणि वर एक धमधम्या. तुमच्या अणशीच्या रानात वाघ उठून नाचेल."

"वाघ नाचला तर फॉरेस्टवाले मलाच धरतील. ह्यात कॅसेट कुठं घालायची?"

प्रशांतने खोकं पुढून बघितलं, मागून बघितलं. "कॅसेट... तेवढी सोडून सगळं घालता येतं."

"मग माझी आई कशात घालू?"

प्रशांतने खोकं बाजूला सारलं. मग आतून खुर्ची आणली, तिला बसवलं, आणि सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "टेप जुनीच ठेव. बाकी वायरी, अॅम्प, स्पीकर, सगळं एकदम बदलून टाकूया. माझ्याकडं वापरलेला चांगला माल आहे. आधी घरी नेऊन ऐका, पटलं तर ठेवा."

नेत्रा खुशीत घरी आली. लखूने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सगळं एकदम? आणि आवाज आला तर कशानं आला कळायचं कसं? न्हाई आला तर कशानं न्हाई आला?"

"आला म्हणजे झालं की."

"व्हय? नवं कणग लावतो तवा मी काय करतो?"

लखूचं कणगासारखे कंद लावणं साऱ्या वाडीत माहीत होतं. रानातून नाहीतर कुणाच्या परसातून आणलेलं नवं बेणं तो एकाच वाफ्यात लावायचा. माती तीच, शेण तेच, पाणी तेच. एका वाफ्यात एकच बदल. कंद गोड निघाला तर गोडी कुठून आली हे त्याला सांगता यायचं. बाकीच्यांचं कधी पिकायचं, कधी कुजायचं, आणि दोन्ही वेळा ते देवाचंच नाव घ्यायचे.

"तुझं खरं," नेत्रा म्हणाली. "पण लावून बघायला टेप काढायला लागंल."

लखूने चुलीतले निखारे सारखे केले. मग त्याने दोन बोटं वर केली.

"रविवारी एकदा. दोनच ओव्या. तिसरी न्हाई."

नेत्राने वही केली. एका पानावर एक रविवार, एका रविवारी एक बदल. ऐकायचं तेही ठरलेलं: बांगड्या वाजतात का, जातं किती घुमतं, आणि दुसऱ्या ओवीआधी आई श्वास घेते तो कळतो का. बदलाने गुण आला तर बदल ठेवायचा. नाही आला तर जुनं परत जागेवर.

पहिल्या रविवारी तिने कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून, फीत जिथे घासते ते टेपचं तोंड पुसलं. बोळा काजळासारखा काळा झाला. बांगड्या जराशा उजळल्या. घुमघुम तीच. पुसणं ठेवलं.

दुसऱ्या रविवारी नव्या वायरी. काही नाही. जुन्या परत जोडल्या.

तिसऱ्या रविवारी प्रशांतचा अॅम्प. आवाज मोठा झाला, पण जातंही मोठं झालं. जणू घरात रस्त्याचा रोलर शिरला.

"हा नको," लखू म्हणाला. "ह्यो तिला दळून टाकतोय."

चौथ्या रविवारी प्रशांत स्वतः स्पीकर घेऊन आला. काळे, आखूड, चांगले जड. भात साठवायच्या, फणसाच्या लाकडाच्या मोठ्या पेटाऱ्यावर जुने स्पीकर होते, तिथेच नेमके नवे ठेवले. पावसाळ्यात त्या घरात भुईला ओल सुटायची. तो पेटारा तेवढा कोरडा, आणि लक्ष्मीची जागा. लखूने पहिल्या दिवसापासून फुलाला तिथेच बसवलं होतं.

आवाज सुरू झाला. घुमघुम. तिच्या खाली बुडालेली आई.

प्रशांतने कान खाजवला. "लखूमामा, खरं सांगू? आता फक्त टेपच राहिली. फीतच गेलेली असणार. त्याला औषध नाही."

नेत्राने वही मिटली. अप्पाकडे बघायचा तिला धीर झाला नाही. लखूच म्हणाला, "बस जरा, पोरा. कोकम पिऊन जा. तू काय करणार त्याला."

जाताना प्रशांतने स्पीकर नेले नाहीत. "म्हाळ होईपर्यंत असू दे, अक्का," एवढंच म्हणाला. पण गुण नाही तर जुनं परत जागेवर, हा नियम होता. नेत्राने नवे स्पीकर कोपऱ्यात ठेवले आणि जुने परत पेटाऱ्यावर चढवले.

म्हाळाच्या आदल्या दिवशी लखू पेटाऱ्यापाशी आला. पानावर घरचाच भात लागतो, विकतचा चालत नाही. पेटारा उघडायचा तर स्पीकर हलवायला हवेत.

"कुठं ठेवू?" नेत्राने विचारलं.

"ठेव कुठंतरी. भुईला नको, ओल हाय."

तिने एक स्पीकर कोपऱ्यातल्या जात्यावर ठेवला. दुसरा वाटणाच्या पाट्यावर, पलीकडच्या भिंतीशी. लखू वाकून वाकून पेटाऱ्यात पार तळाशी गेला, तेव्हा कुठे चार पायल्या भात निघाला. गव्यांनी खालची दोन शेतं तुडवली होती, वरची दोन आता करायला माणूस नव्हतं. पूर्वी ह्या दिवसांत पेटारा अर्धा असायचा. भात कांडायला घेतला, मग नाचणी, मग भाज्या. स्पीकर राहिले तिथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान वाढून झालं. फुलाला आवडायचं ते कणगाचं गोडं वाढलं होतं. लखू पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला, आणि नेत्राकडे न बघता म्हणाला, "लाव. शेवटची."

नेत्राने बटण दाबलं.

आधी जातं आलं. पण गुरगुरत नाही आलं. दगडावर दगड फिरावा तसं आलं, बारीक, खरबरीत, आणि त्यावर बांगड्यांचा एकेक नाद वेगळा. मग कुणीतरी श्वास घेतला. त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात.

*नाचणीचं दळण गं, पाटी भरली काठोकाठ*
*रानाच्या वाटंवर धनी बघतो माजी वाट*

लखूच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी भुईवर पसरत गेलं, कुणी उचललं नाही.

*रानाची वाट ओली, पाय टाकते मोजून*
*बांगड्यांनो हातातल्या, जाऊ नका गं वाजून*

"थांबव," लखू म्हणाला.

नेत्राने थांबवलं. तिला वाटलं, अप्पा रडणार. लखू मात्र भुवया आकसून स्पीकरकडे बघत होता, नव्या वाफ्याकडे बघतो तसा.

"काय बदललं?"

"काही नाही, अप्पा. जुनंच आहे सगळं. जुने स्पीकर, जुन्या वायरी..."

"परत पेटाऱ्यावर ठेव."

"आता? पान थंड होतंय, कावळे वाट बघतायत."

"सत्तावीस वर्सं मी वाट बघितली. कावळ्यांनी घटकाभर बघावी. ठेव."

तिने ठेवले. टेप मागे नेली, लावली. घुमघुम. आई बुडाली. पुन्हा उतरवले, दगडांवर ठेवले. आई वर आली.

लखू पेटाऱ्यापाशी गेला आणि मुठीने त्याच्या कुशीवर ठोकलं. ढम्म. मग झाकणावर ठोकलं. ढम्म.

"ढोल हाय हा," तो हळूच म्हणाला. "भरलेला असतो तवर गप असतो. रिकामा झाला की घुमतो. दर साली भात कमी, दर साली ह्याचं घुमणं जास्त." आणि मग एकदम हसायलाच लागला, खोकला येईपर्यंत. "नेत्रा, ती कुठं लांब गेली न्हवती ग! मीच तिला ढोलावर बसवली!"

नेत्रा भिंतीला टेकून बसली. फीत शाबूत होती. अप्पाचे कान शाबूत होते. आई शाबूत होती.

"आता एकच बदल," लखू म्हणाला. त्याने कोपऱ्यातल्या काळ्या स्पीकरांकडे बोट केलं. "त्या पोराचे. दगडावर. आणि आज दोन न्हाई, सगळं लाव."

नवे स्पीकर जात्यावर आणि पाट्यावर बसले. आता बांगड्या काचेच्या आहेत हेही कळत होतं; पेटारा भरलेला असतानाही जुन्या स्पीकरांत ते कधी कळलं नव्हतं. दोन ओव्या झाल्या, तिसरी सुरू होता होता आई मध्येच थांबली. जातं मात्र फिरत होतं. सूप सरकल्याचा खर्रकन आवाज झाला.

आणि मग, जात्याच्या दोन फेऱ्यांखाली, फुला हसली.

मोठ्याने नाही. तोंडावर पदर धरून, खांदे हलावेत तशी. पहिल्या फेरीला दाबलेलं हसू, दुसऱ्या फेरीला सुटलेलं. मग जातं थांबलं आणि फीत सरसरत राहिली.

लखूने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, मग मान, मग पुन्हा तोंड.

"हसत हुती," तो म्हणाला. "दिवसभर बोलली न्हाई माज्याशी. मी आपला हिकडं घाबरून चार भारे गवत जास्तीचं कापून आणलं, म्हटलं राग जाईल. आणि ही..."

"चार भारे?"

"पाच असतील."

"म्हणूनच बोलली नसणार," नेत्रा म्हणाली. "बोलली असती तर तू कापलं असतंस का?"

लखूने तिच्याकडे बघितलं. मग पानाकडे. मग जात्यावर बसलेल्या स्पीकरकडे, आणि त्याला म्हणाला, "व्हय ग फुला? व्हय?"

बाहेर कावळे कालवा करत होते. नेत्राने पान उचललं आणि अंगणात ठेवायला निघाली. उंबऱ्यात असतानाच तिला मागून टेप उलटी फिरल्याचा आवाज आला, मग बटणाचा.

"अप्पा! झिजेल की!"

"झिजू दे," आतून लखू म्हणाला. "तू जेवायला ये. आणि उद्या प्रशांतला सांग, स्पीकर ठेवले म्हणून. त्याला एकदा जेवायलाही बोलव."