शंकेखोरांना तळाला धाडणारं यंत्र

नात जन्मली त्या वर्षी आमच्या इस्पितळात देव काचेमागे राहायला आला. रक्त शुद्ध करायच्या विभागाबाहेर एक मोठा स्क्रीन लावला होता. आत खाटा थोड्या, बाहेर रोगी फार. खाट मोकळी झाली की स्क्रीनवरच्या पहिल्या नावाला मिळायची. माणसं सकाळपासून माना वर करून उभी. एक म्हातारी तर स्क्रीनला हात लावून तो कपाळाला लावी.

ही यादी लावणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला लोक महाराज म्हणत. कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र आणि पोहोचलेल्या माणसाचं हसू. इथे वशिला चालत नाही, जो आधी आला तो आधी, असं तो सांगे. इथवर ठीक. पण पत्ता चुकलाय म्हणून खिडकीवर गेलेला शिंपी चौथ्यावरून थेट तळाला गेला. फोन नंबर बदलून घेणाऱ्या मास्तरीणबाईंचंही तेच. महाराजाला कारण ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणेल तर तो महाराज कसला?

"यंत्र मन वाचतं," तो म्हणाला. "शंका घेतली की माणूस मागे पडतो."

झालं, लोकांनी तोंडाला कुलूप घातलं. एकाचा रक्तगट चुकीचा पडला होता, तोही भक्तिभावाने गप्प बसला.

माझा थोरला भाऊ यादीत दुसरा होता. वय चुकलं म्हणून त्याने दुरुस्त करून घेतलं आणि यादीच्या तळाला गेला. त्याचे पाय सुजून भोपळे झाले होते. घरी येऊन मलाच म्हणाला, "तुझ्यासारख्या नास्तिकाचा भाऊ झालो, त्याची फळं."

सूनबाई पोटासाठी हेच प्रोग्राम लिहिण्याचं काम करते. सोमवारी लेकीला कडेवर घेऊन ती माझ्याबरोबर आली. विभागाच्या डॉक्टरीणबाईंना सांगून तिने महाराजाच्या आणि जमलेल्या लोकांच्या देखत सरावाची कोरी यादी उघडायला लावली. पहिलं नाव महाराजाचं, मग डॉक्टरीणबाई, सूनबाई, तिची लेक आणि मी अशी आम्हा चौघांची. नंतर खिडकीवरच्या कारकुनाला म्हणाली, "आता महाराजांचा पत्ता दुरुस्त करा." त्याने नेहमीप्रमाणे नाव पुसलं, पुन्हा भरलं. महाराज तळाला.

"अरेरे, महाराजांनाच शंका आली," शिंपी म्हणाला. म्हातारीसुद्धा हसली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोण कधी आलं, ते यात कुठे लिहिलंय?"

"ते लागत नाही," महाराज पुटपुटला. "क्रम आपोआप राहतो."

"ही रांग नाही, खणांचं कपाट आहे," सूनबाई म्हणाली. "नाव सांगा, खण उघडेल, एवढंच त्याचं काम. कोणता खण आधी भरला ते ही प्रोग्रामची भाषा लक्षात ठेवते. काही भाषा तेही ठेवत नाहीत. नाव काढून परत घातलं की ते नवं. तुम्ही माणसांचा जीव कपाटाच्या सवयीवर टांगलात. आल्याची वेळ लिहायची होती, बस."

मला अक्षरं उतारवयात आली, म्हणून लिहिलेल्याचा मी मान राखतो. पण काचेवर उमटलं म्हणून ते खरं, हे मानणं म्हणजे दगडाला शेंदूर फासणंच. यंत्राला विचारा, हे कशावरून? विचारल्याने कोणी मागे पडत नाही. गप्प बसल्याने पडतात.

जुने कागद काढून नावं परत लावायला इस्पितळाला आठवडा लागला. भाऊ पुन्हा दुसरा आला. तो त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या वारला होता.