छत्री हलली की हलायचं

मी छत्री बोलतेय. केशरी, पांढऱ्या ठिपक्यांची. हसू नका. माझ्यामागे रोज चाळीस-चाळीस माणसं चालतात. तुमच्यामागे किती चालतात?

माझा जन्म कारखान्यातला. रंग इतका भडक की दुकानात दोन पावसाळे पडून राहिले. शेवटी मंदाकिनीबाईंनी मला पसंत केलं. रावपुऱ्यात राहणाऱ्या, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेल्या, उंचीने जेमतेम माझ्या दीडपट. त्यांना भडकच हवी होती.

बाई रोज सकाळी बडोद्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात जातात. खेड्यापाड्यांतून आजारी मुलं घेऊन आलेले आईबाप तिथे हरवतात. केसपेपर इथे, रक्त तिथे, सही वर, शिक्का मागच्या इमारतीत. बाई त्यांना वाट दाखवतात. पण गर्दीत बाईच दिसत नसत आणि मागची मंडळी भलत्याच लिफ्टमध्ये चढत. म्हणून त्यांनी मला उंच धरलं. "चालो, छत्रीनी पाछळ!", म्हणजे चला छत्रीच्या मागे, अशी हाक दिली की आमची वरात निघते.

माणसांची एक खोड मी पाहिली आहे. रांग कसली ते विचारत नाहीत, आधी उभी राहतात. दाढ दुखणारे एक गृहस्थ असेच माझ्यामागे आले आणि बालविभागात वजन करून गेले.

एका गुरुवारी मात्र माझ्यामुळे अनर्थच व्हायचा. कांचन नंदुरबारकडची. नवरा बांधकामावर, सुट्टी मिळेना. तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, मोहनाच्या, हृदयाला भोक होतं. चार पावलं टाकली की पोर धापा टाकत खाली बसायची. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. सरकारी योजनेच्या कागदावर फक्त शिक्का हवा होता, आणि ती खिडकी एक वाजता बंद व्हायची. शिक्का नाही तर तारीख थेट पुढच्या महिन्यात. मोहना वॉर्डात झोपली होती आणि फाईल कांचनने छातीशी धरली होती.

बाईंना आधी वरून रिपोर्ट आणायचा होता. मला एका खिडकीच्या गजाला अडकवून त्या म्हणाल्या, "कांचन, छत्रीवर लक्ष ठेव हं. ती हलली की हलायचं."

पाच मिनिटांत मी हलले. बाईंचे यजमान मोहनराव डबा द्यायला आले होते. बायको दिसेना, छत्री दिसली. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि फाटकापलीकडे सेव-उसळ होती, जी त्यांना घरात बंद केलेली आहे. असा योग फार क्वचित येतो. त्यांनी मला उचललं आणि निघाले.

मागे कांचन निघाली. कांचनमागे पंधरा माणसं, त्यात एक आजोबा सलाईनच्या स्टँडसकट. मी जीव तोडून ओरडले, पण छत्रीचं कोण ऐकतं?

पहिला घास घेताना मोहनरावांनी वळून पाहिलं आणि रस्सा थेट नाकात गेला.

"तुम्ही सगळे कोण?"

"बाई बोलल्या, छत्री जाईल तिकडं जायचं," कांचन म्हणाली. "काका, शिक्का इथंच मारतात का?"

"काका, सोळ प्लेट करुं?" दुकानदाराने आनंदाने विचारलं.

पाऊण वाजला होता. कांचनने शिक्क्याचं सांगितलं मात्र, मोहनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. प्लेट टाकून ते मला घेऊन धावत सुटले आणि फाटकाच्या आत येऊन थबकले. वाट कुणाला ठाऊक होती? चार वर्षं ते बायकोच्या या कामाला 'उपद्व्याप' म्हणत आले होते. पाट्या वाचत डावीकडे गेले, तर धोब्याची खोली निघाली.

कांचनला अक्षर वाचता येत नाही. पण आठ दिवस ती माझ्यामागे चालली होती. "तिकडं नाही, काका!" ती ओरडली. "पाणपोई, मग वळण, मग तो अंधारा जिना." तिने मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं, उंच धरलं आणि सुटली. मागे मोहनराव, त्यांच्यामागे पंधरा जण आणि तो खडखडणारा स्टँड. जिन्यात मंदाकिनीबाई भेटल्या. त्यांनी वरातीत नवरा पाहिला, त्याच्या मिशीतली शेवही पाहिली. त्याविषयी त्या नंतर बोलल्या, बराच वेळ बोलल्या.

खिडकीची फळी खाली येत होती. कांचनने मला सरळ त्या फटीत घातलं. कडकन माझी एक काडी मोडली.

"अरे बेन, आ शुं?" आतला कारकून दचकला.

"शिक्का," कांचन म्हणाली.

शिक्का बसला. शुक्रवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर हसत बाहेर आले, तेव्हा कांचन मला कवटाळून रडली. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

आज मायलेकींना घरी सोडलं. जाताना कांचनला फाटकाशी एक बाई दिसली, कडेवर तान्हं बाळ, पाट्यांकडे नुसती बघत उभी. मंदाकिनीबाई अजून यायच्या होत्या. माझा रात्रीचा मुक्काम रखवालदाराच्या खुंटीवर असतो; कांचनने तिथून मला काढलं. "चला ताई, माझ्यामागं."

माझी काडी अजून मोडकीच आहे. कुठे दिसले तर नमस्कार करू नका, एखादा छत्री दुरुस्त करणारा पाठवा. कुणाच्या डोळ्यात जाईल, आणि डोळ्यांचा विभाग फार लांब आहे.

कांचनची एस.टी. कधीच निघून गेली. मोहना मात्र आमच्यामागून तिसऱ्या खिडकीपर्यंत चालत आली, एकदाही खाली न बसता.