उंबऱ्याखालची चरबी

गावात कुणालाही विचारा, निलसूइतकं झकास झपाटून घेणं आजवर कुणाला जमलेलं नाही. उन्हाळ्यात इस्तंबूलहून सिनेमावाले आले आणि दहावीतल्या या पोरीने त्यांच्यासाठी डोळे पांढरे केले, फरशीवरून पालीसारखी सरपटली, काळं पाणी ओकली. काळं पाणी म्हणजे डाळिंबाच्या काकवीत कालवलेला कोको. चव इतकी वाईट की उलटीचा अभिनय करायची गरजच पडली नाही.

सिनेमा असा होता, की जणू घरातल्याच कुणीतरी साध्या कॅमेऱ्यावर सगळं टिपलंय आणि ते चित्रण मागाहून कुणाच्या तरी हाती लागलंय. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं, 'यातलं प्रत्येक दृश्य खरं आहे.' गावात मात्र दिग्दर्शक इल्काय नेमकं उलटं सांगत फिरला होता. शूटिंगसाठी त्याला मुझेय्येन आत्याचं घर हवं होतं. आत्या निलसूच्या बाबांची थोरली बहीण. तिच्या घरात चप्पल उलटी पडलेली चालत नाही, मग असला सिनेमा कसा चालावा? तर इल्कायने टेबलावरच्या भाकरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आत्याबाई, सगळं खोटं. रंग, पीठ, मार्गारीन. तुमच्या घरात अपवित्र काही आलं, तर ही भाकरी मला भोवो."

भाकरीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. आत्याने किल्ली दिली.

आणि त्याच आठवड्यात इल्कायचा सजावटवाला, तुफान, जॅमच्या बरणीत डुकराची चरबी घेऊन आला. खरीखुरी. अंताल्याच्या कुठल्याशा हॉटेलातून, जिथे परदेशी पाहुण्यांना डुक्कर वाढतात. करणी करणारे ही चरबी दाराला फासतात हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि इल्कायचं म्हणणं, मार्गारीन कॅमेऱ्यात मार्गारीनच दिसतं. तुफानने चरबीत केसांची बट मळली, वरून काजळी चोळली, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि उंबऱ्याची फळी उचकटून खाली सारली. निलसूने नाक दाबून हे सगळं पाहिलं. तिला वाटलं, शूटिंग संपल्यावर काढतील.

काढतात कसले.

डिसेंबरात दार अडकायला लागलं म्हणून आत्याने सुताराला बोलावलं. त्याने फळी उचकटली, पुरचुंडी पाहिली, 'तोबा' म्हणाला आणि हत्यारं तिथेच टाकून निघून गेला.

निलसू शाळेतून आली तेव्हा आत्याच्या घरात शेजारणी जमल्या होत्या आणि मधोमध याकूप होजा बसला होता. शेजारच्या गावचा. मशिदीशी त्याचा काही संबंध नाही. लोकांच्या अंगात शिरलेल्या 'त्यांना' बाहेर काढणं हा त्याचा धंदा. 'त्यांचं' नाव कुणी घेत नाही, 'ते बरे असोत' म्हणायचं आणि विषय बदलायचा.

निलसूला पहिल्यांदा दिसली ती होजाची करंगळी. तिचं नख चमच्यासारखं वाढलेलं, आणि त्याच नखाने तो बोरेकच्या पापुद्र्यांतलं चीज उकरून खात होता. दाढीत दही. मग त्याच हाताने त्याने पाण्याचा पेला उचलला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटला आणि पेल्यात फुंकला. फुंकला कसला, थुंकलाच. पाण्यावर फेसाचा ठिपका तरंगत राहिला.

"पी," तो सोनगुलला म्हणाला.

सोनगुल आत्याची सून. तिचा नवरा रिफात ट्रक घेऊन कायम रस्त्यावर. लग्नाआधी ती अंताल्याच्या हॉटेलात काम करायची, बोलायला फटकळ, आणि घरात पाळणा हललेला नाही. म्हणजे सगळ्या शेजारणींच्या डोक्यात हिशेब आधीच जुळलेला.

"होजा एफेंदी," सोनगुल वहिनी म्हणाली, "आधी दात घासून या. मग बघू."

एक बाई हसली आणि लगेच खोकली.

"बघितलंत? पाणी घेत नाही," होजा म्हणाला. "ही बोलत नाहीये. आतला बोलतोय."

"आत फक्त सकाळची मसुराची आमटी आहे."

"सोनगुल, तोंड आवर," आत्या म्हणाली. तिचा आवाज मात्र रडवेला होता. "घरात डुक्कर आणलंस. माझ्या नमाजाच्या घरात. काय कमी केलं होतं गं मी तुला?"

"आई, मी आणलं नाही. किती वेळा सांगू?"

"मग अंताल्याला कोण होतं? मी होते?"

ताटलीत पुरचुंडी उघडी पडली होती. चरबी पिवळी पडून घामेजलेली, त्यात काळं केसांचं वेटोळं, मोरीतून उपसून काढल्यासारखं. वास असा, की शेगडीच्या उबेने तो खोलीभर फिरून परत आपल्याच तोंडात येऊन बसत होता. होजाने नखाने वेटोळं टोचलं. "हे तुझ्या मुलाचे केस. झोपेत कापलेत. म्हणून तो घरी टिकत नाही. हिला माझ्याकडे पाठव. स्वच्छ होईपर्यंत माझ्याच घरी ठेवून घेतो. एकटीला. सोबत कुणी नको."

शेवटचं बोलताना त्याची नजर वहिनीच्या गळ्यावरून खाली घसरली आणि तिथेच रेंगाळली. निलसूला ते दिसलं. सिनेमात इतक्या जवळून कॅमेरा लावला होता, तरी असलं काही दिसलं नव्हतं.

"रिफात दादाला विचारलं?" तिने आत्याला विचारलं.

"फोन केला. म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर."

वहिनीने हे ऐकलं. ती पायातले लोकरीचे मोजे वर ओढत राहिली. फटकळ बाई अशी गप्प झालेली निलसूला बघवेना.

ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेली आणि इल्कायला फोन लावला. त्याला ती आबी, म्हणजे दादा, म्हणायची.

"इल्काय आबी, तुमची ती चरबी सापडली. आत्या वहिनीवर आळ घेतेय. तिला होजाकडे पाठवतायत. आत्याला फोन देते, तुम्ही फक्त सांगा की ते तुमचं आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "होजा आलाय? आत्ता? व्हिडिओ काढतेयस ना?"

"आबी, ऐकताय का तुम्ही?"

"ऐकतोय, राणी. तू पण ऐक. मी दुसरा भाग लिहितोय. शूटिंग झालेल्या घरात खरी करणी सापडते. अगं, हे मला आयुष्यात सुचलं नसतं. आमचं आहे कसं म्हणू? उद्या गाववाले डुकराच्या नावाने माझ्यावर खटला भरतील."

"तुम्ही भाकरीवर हात ठेवला होता."

"भाकरी शिळी होती," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "मोबाइल आडवा धर. उभा नको."

निलसूने फोन बंद केला. त्या माणसाने तिला 'स्टार' म्हटलं होतं, आणि ती शाळाभर ते सांगत फिरली होती. आता तो शब्द कुणीतरी चघळून परत दिल्यासारखा लागत होता.

आत येऊन तिने सरळ सांगून टाकलं. "आत्या, हे सिनेमाचं आहे. तुफानने पुरलं. मी समोर होते."

"इल्कायने भाकरीवर शपथ घेतली होती," आत्या म्हणाली. "सिनेमात सगळं खोटं असतं, हे मला त्यानेच शिकवलं. आणि ही चरबी खरी आहे. नाक नाही का तुला?"

"खोटं बोलला तो."

"भाकरीवर?"

या एका शब्दापुढे काही चालेना. त्यातच होजाने दाढीतलं दही पुसलं आणि निलसूकडे बोट केलं. "या पोरीने 'त्यांचं' सोंग घेतलं. ते बरे असोत, सोंग घेतलं की ते राहायलाच येतात. आता हिच्या तोंडून सुनेची बाजू घेतायत."

शेजारणी सोफ्यावर एकमेकींकडे सरकल्या. सगळ्यांनी सिनेमा पाहिला होता. सगळ्यांना तो डोळे पांढरे करणारा चेहरा आठवत होता. एकीने तर निलसूकडे बघून ओढणीच्या टोकात तीनदा थुंकल्यासारखं केलं. वा रे वा. म्हणजे काम चांगलं केलं, हाच गुन्हा ठरला.

"ऊठ सूनबाई," होजा म्हणाला. "गाडी बाहेर उभी आहे." आणि त्याने वहिनीचं मनगट धरलं. त्याच हाताने. नखात अजून चीज.

वहिनीने हात हिसडला, सुटला नाही. आत्या भिंतीकडे बघत राहिली.

निलसूला समोर कोलोन्याची बाटली दिसली, पाहुण्यांच्या हातावर शिंपडतात ती, लिंबाच्या वासाचं स्पिरिटच म्हणा. होजासाठीच काढलेली, आणि त्याने ती हुंगलीही नव्हती. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तुफानने बटेसाठी केस आणले कुठून? अंगणात, तिच्याच डोक्यावरून. सिनेमातली मुलगी काळ्या केसांची हवी होती, म्हणून त्याने निलसूच्या केसांची टोकं कचाकच कापली होती.

तिने ताटलीत हात घातला.

चरबी थंड होती, आणि दाबताच बोटांमधून वर आली, नखांखाली शिरली. कुणीतरी किंचाळलं. निलसूने वेटोळं उचललं, मुठीत धरलं आणि त्यावर बाटली उपडी केली. चोळलं. पुन्हा ओतलं, पुन्हा चोळलं. लिंबू आणि सडलेलं डुक्कर असा एक नवाच वास तयार झाला, ज्याला जगात नाव नसावं. काजळीचं काळं पाणी मनगटावरून बाहीत उतरलं, तिथून आत्याच्या गालिच्यावर.

मग केस दिसले. हिरवे. पोपटासारखे हिरवेगार.

"होजा एफेंदी," निलसू खणखणीत आवाजात म्हणाली, "रिफात दादाने केस हिरवे कधी केले होते?"

मेमध्ये निलसूने केसांची टोकं हिरवी केली होती तेव्हा गावात दुसरा विषयच नव्हता. 'डोक्यावर शेवाळ उगवलंय,' असं भर बाजारात ओरडलेली बाई कोण होती? मुझेय्येन आत्याच.

आत्याने तो ओला झुबका बघितला. मग निलसूच्या डोक्याकडे बघितलं. मग होजाच्या हाताकडे, जो अजून सुनेच्या मनगटावर होता.

"सोड तिला," ती म्हणाली.

"बाई, ते नजरबंदी करतात. रंग बदलून दाखवतात..."

"याकूप. हात काढ म्हटलं ना."

होजा उठला. दारात त्याचा पाय उंबऱ्याच्या उघड्या खड्ड्यात गेला आणि तो शिवी हासडत गाडीकडे लंगडत गेला. जाताना बोरेकचा उरलेला तुकडा मात्र विसरला नाही.

शेजारणींना एकदम घरची चूल आठवली. खोली रिकामी झाली. आत्या म्हणाली, "सोनगुल, जरा चहा टाक, पोरी," जणू नेहमीची दुपार आहे.

"तुम्ही टाका," वहिनी म्हणाली. आणि ती निलसूला कोपराला धरून अंगणातल्या नळावर घेऊन गेली.

पाणी बर्फासारखं. आधी साबण, मग राख, मग मीठ. वहिनी एकेक बोट घासत होती, भांडी घासतात तसं, खसाखसा. तिच्या मनगटावर होजाच्या बोटांचे वळ उमटले होते आणि एका जागी नखाने ओरखडा.

निलसूच्या खिशात फोन वाजला. मग पुन्हा वाजला.

"कोण आहे?"

"इल्काय. व्हिडिओ मागतोय."

"वाजू दे."

आत्या पायरीवर आली. हातात चहाचा एक पेला, बशीत साखरेचे दोन खडे. तिने तो नळाजवळच्या कठड्यावर ठेवला. बशी वहिनीच्या बाजूला जरा सरकवली आणि आत गेली. खड्ड्यावरून जाताना तिला उडी मारावी लागली.

वहिनीने पेल्याकडे पाहिलं नाही. निलसूचा हात उचलून नाकाशी नेला.

"येतोय अजून," ती म्हणाली.

"मग घास ना."

"घासते. गप्प उभी राहा." मग जराशाने, "रात्री तुमच्याकडे येते झोपायला. तुझ्या आईला सांग, माझी गादी शेगडीजवळ टाकायला."

"किती दिवस?"

वहिनीने राखेची आणखी एक मूठ घेतली. कठड्यावरच्या चहावरची वाफ विरली, वर सायीसारखा पातळ पापुद्रा धरला आणि त्यावर राखेचे कण येऊन पडले.