कलम नऊ आणि दादाची खुर्ची

समितीने नव्या कायद्याच्या मसुद्यातलं कलम नऊ खोडायला घेतलं होतं आणि वकीलबाईंची झोप उडाली होती. साक्ष देणाऱ्या मुलाला पाय टेकतील अशी बसायची जागा आणि शेजारी ओळखीचं माणूस, एवढंच ते कलम मागत होतं. मागच्याच महिन्यात त्यांची सहा वर्षांची अशील कोर्टाच्या उंच पिंजऱ्यात उभी राहिली, तोंडातून शब्द फुटला नाही, आणि खटला गेला.

भाषणांनी काही होईना, म्हणून त्यांनी सुतार भावाला गळ घातली. "दादा, पोरांना पिंजऱ्यात जसं वाटतं तसं मोठ्या माणसाला वाटेल अशी खुर्ची कर. दुप्पट उंच."

दादाची एक खोड होती. माप कितीही सांगा, हा वाढवूनच कापणार. "मागाहून तासता येतं गं," म्हणायचा. पाय वाढवले, बैठक वाढवली, पाठीला तर हात मोकळाच सोडला. तासायचं तेवढं राहून गेलं.

सुनावणीला चार जणांनी ती खुर्ची आत आणली.

"पाण्याची टाकी आणलीत की काय?" समितीचे अध्यक्ष हसले. "बसतो साक्षीदार होऊन, चला. पोरखेळ संपवू एकदाचा."

शिपाईमामांनी कोठीतली शिडी आणून लावली आणि ते चढले. मग मामांनी सवयीने शिडी उचलून परत कोठीत नेऊन ठेवली.

वर अध्यक्षांचं हसू मावळलं. बूट हवेत लोंबकळत होते, डोक्यावर वीतभर अंतरावर पंखा गरगरत होता.

"पंखा बंद करा!"

"साहेब," सचिव चाचरत म्हणाले, "उभं राहून बोलेल त्याचंच ऐकायचं, असा नियम आहे. तुम्हीच केलाय."

"अहो, उभा राहिलो तर डोकं जाईल!"

सचिवांनी इमानेइतबारे लिहिलं : साक्षीदार गप्प.

वकीलबाई पुढे धावल्या. आता हे चिडणार आणि कलमावर काट मारणार! "साहेब, उतरवतो हं तुम्हाला," त्या घाईघाईने म्हणाल्या.

"थांबा! आधी पायाखाली काहीतरी द्या. आणि मामांना इकडे पाठवा. जवळ."

मामा टेबलावर चढले. फायलींची चळत बुटांखाली सरकवून त्यांनी साहेबांचा हात धरला. "घाबरायचं नाही. मी आहे ना."

अध्यक्षांनी मोठा श्वास सोडला.

"साहेब," वकीलबाई हळूच म्हणाल्या, "हेच कलम नऊ."

अध्यक्षांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग मामांकडे. "ठेवा ते कलम. जसंच्या तसं."

सचिवांची लेखणी हलेना. साहेब अजून बसलेलेच होते.

मामा मात्र उभे होते. त्यांनी घसा खाकरून साहेबांचं म्हणणं खड्या आवाजात सांगितलं, आणि सचिवांनी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

मग कोणाला तरी शिडी आठवली.