रुमाल टाकलेली जागा

माझा नवरा हॉटेलात दाखवलेल्या टेबलावर कधीही बसत नाही. पहिल्यावर एसीचा झोत येतो, दुसऱ्यावर किचनचा वास, तिसरं बाथरूमला चिकटून. मग आम्ही सगळे पाण्याचे ग्लास हातात धरून त्याच्या मागे वरात काढतो. टेक्सासमध्ये प्लेनोचं घर घेताना त्याने एजंट बाईला इतकं फिरवलं, की शेवटी ती म्हणाली, "गिरीश, माझं लायसन्स तूच घे." आसावरी तेव्हा सहा वर्षांची होती. मागच्या सीटवर मेजरिंग टेप मांडीवर घेऊन बसायची आणि प्रत्येक घरात बापाबरोबर खोल्या मोजत हिंडायची. मी गाडीतच बसून राहायचे, कारण माझं डोकं फिरायचं.

तर असल्या माणसाला माझ्या मुलीने स्वतःच्या लग्नाची जागा धरायला पाठवलं. आता काय बोलावं?

आसावरी न्यू मेक्सिकोत एका धरणावर मासे मोजते. शिक्षण मोठं आहे, हुद्दाही मोठा आहे, पण काम मासे मोजायचं. गिरीश मंडळात सांगतो, "ती वॉटर रिसोर्सेसमध्ये आहे." तिथेच, त्या धरणाच्या काठावर, तिने आणि वेदने लग्न करायचं ठरवलं. हॉल नको, केटरर नको, भटजी नकोत. लग्न वेदची एक मैत्रीण लावणार, ऑनलाइन परवाना काढून. पाहुणे तीसेक, सगळे गावातल्या मोटेलात उतरणार आणि शनिवारी सकाळी काठावर येणार.

गिरीशने पोरगी जन्मली तेव्हापासून वधूपित्याचा रोल मनात बसवून ठेवला होता. फेटा बांधायचा, घाम पुसत धावपळ करायची, "अहो, जेवल्याशिवाय जायचं नाही" असं दारात ओरडायचं. दर आठवड्याला तो तिला फोन करून विचारायचा, "आसू, मी काय करू?" ती म्हणायची, "नथिंग बाबा, यू जस्ट रिलॅक्स." फोन ठेवला की हा गॅरेजमध्ये जाऊन उगाच स्क्रू लावत बसायचा. रिटायर झालेल्या माणसाला रिलॅक्स म्हणणं म्हणजे शिवी आहे. मला खरंच वाईट वाटायचं त्याचं.

मग एके दिवशी तिचा फोन आला. धरणाचं जे नीट कॅम्पग्राउंड आहे, नंबर घातलेल्या जागा, टेबल, शेगडी, संडास असलेलं, ते केव्हाच इंटरनेटवर भरून गेलं होतं. पण तिला ते नकोच होतं. तिला हवं होतं डिस्पर्स्ड कॅम्पिंग. म्हणजे सरकारी माळरान. कच्च्या रस्त्याने आत जायचं, आधी कोणी राहून गेल्याच्या खुणा दिसतील, दगडांचं चुलीचं कडं, तुडवलेली जमीन, तिथे तंबू ठोकायचा. नळ नाही, दिवा नाही, बुकिंगही नाही. जो आधी येईल, जागा त्याची.

"बाबा," ती म्हणाली, "मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फील्डवर आहे. वेद एअरपोर्टवर. तू सकाळी जाऊन जागा धरशील? मॅपवरची पिन पाठवते. फक्त बसायचं. हलायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!" गिरीश म्हणाला, आणि त्या संध्याकाळी अर्ध्या प्लेनोला कळलं की लग्नाचं व्हेन्यू त्याच्याकडे आहे. गॅरेजमधले स्क्रू तसेच राहिले.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो. आणि खरं सांगते, पोरीची नजर चांगली आहे. सपाट जमीन, मधोमध एकच मोठं जुनिपरचं झाड, समोर निळंशार पाणी, पलीकडे लाल कडे. पाणी उतरलं होतं, त्यामुळे कड्यांना खालून पांढरा पट्टा आला होता, आपल्या बादलीला क्षार चढतात तसा. माणूस नाही, काणूस नाही. मी म्हटलं, "वा! काढ खुर्च्या."

गिरीश कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी तो चेहरा ओळखते. त्या चेहऱ्यापायी मी आयुष्यात कितीतरी गार सूप प्यायले आहे.

"जमीन जरा कलती आहे," तो म्हणाला.

"गिरीश, प्रॉमिस केलंयस."

"आणि सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येणार. फोटोत सगळे चिनी बाहुल्यांसारखे डोळे मिटून. शिवाय संडास? सुवर्णामावशी गुडघा बदललेल्या पायाने झुडपामागे जाणार आहे का?"

"आसू तंबूवाला संडास आणणार आहे."

"ते ठीक आहे गं. पण बघायला काय जातं? पिन तिने एकाच जागेची पाठवली. ऑप्शन नको?"

"तू जा. मी इथे बसते."

पण मी बसू शकले नाही. कारण सकाळी मोटेलात दोन कप चहा प्यायले होते, वर रस्ताभर पाणी, आणि मलाही जायचं होतं. सुवर्णामावशीला नावं कशाला ठेवा, मीही झुडपामागे जाणाऱ्यांतली नाही. कॅम्पग्राउंडचा संडास मैलभर मागे होता आणि गाडी एकच.

"मग निदान तंबू ठोकून ठेव," मी म्हटलं. "नाहीतर खुर्च्या ठेव. इथले लोक तसंच करतात."

"कोरा तंबू? कोणी उचलून नेला तर?" असं म्हणून गिरीशने खिशातून रुमाल काढला. मोठा, पांढरा, निळ्या काठाचा. झटकला, आणि जुनिपरच्या फांदीला दोन गाठी मारून बांधला.

मी बघतच राहिले. "गिरीश, ही एसटी नाहीये."

"अगं, रुमाल म्हणजे रुमाल. कोणीही बघितलं तरी कळतं की माणूस येणार आहे."

अमेरिकेत चाळीस वर्षं काढली या माणसाने. पूल बांधले, पेटंटं घेतली. आणि तरी त्याची खात्री होती, की अख्ख्या न्यू मेक्सिकोला रुमालाचा अर्थ कळतो.

मी संडासाला जाऊन आले, आणि मग आम्ही ऑप्शन बघितले. पहिली जागा पाण्याला लागून होती, तिथे गिरीशचा बूट चिखलात रुतला आणि पाय मोकळाच वर आला. दुसरी टेकाडावर. व्ह्यू काय सांगू! पण वारा असा, की गिरीशची टोपी उडाली ती थेट धरणात गेली. "मंगळसूत्र राहील, मुंडावळ्या राहणार नाहीत," मी म्हटलं. तिसऱ्या जागेवर गाई बसल्या होत्या. खऱ्याखुऱ्या, धष्टपुष्ट, सरकारी कुरणावर चरायला सोडलेल्या. त्यांच्याकडे बघून गिरीश म्हणाला, "जागा मात्र फर्स्ट क्लास आहे, कांचन. पश्चिमेला मोकळी, पूर्वेला कड्याचा आडोसा. गाईंना काय, हाकलता येईल." गाईंचं मत वेगळं पडलं. एक उठून गाडीजवळ आली आणि आरसा चाटत बसली. बराच वेळ आम्हाला दारं उघडता येईनात.

परत आलो तर जुनिपरखाली एक भलामोठा ट्रेलर उभा होता.

ट्रेलरपुढे खुर्चीवर एक म्हातारा अमेरिकन, मांडीवर वर्तमानपत्र, पायाशी पिवळा कुत्रा. ट्रेलर आणि झाडाच्या मधे दोरी बांधलेली, आणि दोरीवर, चिमटे लावून, गिरीशचा रुमाल वाळत घातलेला.

"हा तुमचा का?" म्हातारा उठून म्हणाला. "झाडाला अडकला होता. मी धुऊन टाकला."

"धुतला?" गिरीश मराठीतच ओरडला. "अहो, इस्त्रीचा होता तो!"

मी मधे पडून इंग्रजीत सुरुवात केली. म्हातारा डेल नावाचा होता, वागायला अगदी अदबशीर. सगळं ऐकून घेत होता, पण हलायचं नाव नाही. ही जागा आम्ही सकाळीच धरली होती, गिरीशने सांगितलं. "कशाने, सर?" डेलने विचारलं. गिरीशने दोरीकडे बोट दाखवलं. डेलने रुमालाकडे बघितलं, मग गिरीशकडे, मग कुत्र्याकडे. कुत्र्यालाही काही सुचेना.

लग्नाचं सांगून टाक, म्हणून मी गिरीशला कोपराने ढोसलं. तो मराठीत पुटपुटला, "गप्प बस. परमिटचं विचारेल. आधीच जागा नाही, वर दंड." सरकारी जागेवर लग्न करायचं परमिट आसूने घेतलं होतं, पण स्वतः वाचल्याशिवाय हा कशावर विश्वास ठेवेल तर शपथ. मग म्हणाला, "आमची फॅमिली पिकनिक आहे. छोटीशी."

"सॉरी सर," डेल म्हणाला. "पलीकडे खूप जागा आहेत. एक तर फारच छान आहे, फक्त गाई असतात."

"ती बघितली," गिरीश म्हणाला.

"ही मी सोडू शकत नाही. एका मुलीला शब्द दिलाय."

गिरीशचा चेहरा उतरला. नुसता उतरला नाही, पार गेला. अख्ख्या लग्नात त्याला मिळालेलं एकच काम, तेही 'फक्त बस' एवढंच, आणि ते त्याच्याकडून झालं नव्हतं. संध्याकाळी पोरगी येणार, तिला काय सांगायचं? फोनला रेंज नाही, उद्या सकाळी तीस माणसं इथल्या पिनवर येणार. तो एकदम म्हातारा दिसायला लागला आणि मग माझी सटकली. माझ्या नवऱ्याला बोल मी लावीन, हा कोण उपटसुंभ?

"हे बघा मिस्टर," मी म्हटलं, "पिकनिक गेली खड्ड्यात. उद्या इथे आमच्या मुलीचं लग्न आहे! तुम्ही कुणा मुलीला शब्द दिला असेल, मी माझ्या मुलीला जन्म दिलाय. परमिट आहे, पाहुणे आहेत, गाडीत शंभर पुरणपोळ्या आहेत! आता सांगा, कुणाची मुलगी मोठी?"

डेलने हळूच हॅट काढली. "मॅम, मासे मोजते ती?"

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

डेल रिटायर्ड मोटरबोट मेकॅनिक निघाला. आसावरीची बोट तोच ठीक करायचा आणि हौस म्हणून तिच्याबरोबर मासेही मोजायचा. शब्द त्याने तिलाच दिला होता. ती त्याला म्हणाली होती, "माझे बाबा सकाळी येतील. जागेत खोड काढतील. मग दुसरी बघायला जातील. ते गेले की तू लगेच येऊन बस, आणि कोणीही काहीही म्हटलं तरी उठू नकोस."

"त्या पलीकडच्या वळणावरून मी गाडी जाताना बघितली," डेल म्हणाला. "खरं सांगतो, मी अजून कॉफीही ओतली नव्हती. मग तुम्ही पिकनिक म्हणालात, म्हणून मला वाटलं, दुसरेच कोणी."

गिरीश खुर्चीत बसला. डेलच्याच. मग म्हणाला, "तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, कांचन."

"ठेवला की. तू उठून जाणार यावर पूर्ण विश्वास ठेवला."

एरवी तो चिडला असता. आज नुसता पाण्याकडे बघत राहिला आणि मला माझीच जीभ टोचली. डेलला मराठी येत नाही, पण त्याला समजलं असावं. तो उठला, खुर्ची गिरीशखालीच राहू दिली आणि ट्रेलर गाडीला जोडायला लागला.

"हे काय?" मी विचारलं.

"माझं काम वडील येईपर्यंत होतं. वडील आलेत." जाता जाता त्याने दोरीवरचा रुमाल काढला, फांदीला पुन्हा बांधला, मूळच्या दोन्ही गाठींसकट. "सर, तिने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मी आलो तेव्हा तुमचा रुमाल इथे होता."

संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर आसावरीचा ट्रक आला. जुनिपरखाली तंबू उभा होता, खुर्च्या मांडल्या होत्या आणि गिरीश मधोमध सिंहासनावर बसल्यासारखा बसला होता.

"बाबा! यू हेल्ड इट!" तिने धावत येऊन त्याला मिठी मारली. मग फांदीकडे बघून म्हणाली, "ओ माय गॉड, रुमाल टाकलास?"

"मग? आपल्याकडे असंच असतं," गिरीश म्हणाला. अजिबात लाजला नाही. डेलचं नाव त्याने काढलं नाही, तिनेही नाही.

ट्रकमधून सामान काढताना तिने मला हळूच विचारलं, "आई, किती वेळ बसला होता?"

"तुला कुणी सांगितलं?"

"डेलकडे सॅटेलाइटवाला मेसेजर आहे. त्याने लिहिलं, 'फादर ऑन द लूज.' आणि मग, 'फादर इज बॅक, डोन्ट बी मीन.'" ती हसत होती, पण डोळे भरले होते. "वेद म्हणाला होता, दहा मिनिटं. मी म्हटलं, नो वे, अर्धा तास. माय बाबा कॅन डू हाफ ॲन आवर."

"बसलाच नाही गं," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी ट्रकच्या आडून तोंडावर हात ठेवून हसलो.

तेवढ्यात झाडाखालून हाक आली. "आसू, जागा चांगलीच आहे गं. पण ती वळणापलीकडची आहे ना, कड्याच्या आडोशाची? आत्ता गाई उठल्या असतील. नुसती बघून यायला काय जातं?"

"गिरीश!" मी ओरडले. डोक्यात तिडीकच गेली.

पण आसावरी हातातला कूलर खाली ठेवून त्याच्याकडे बघत होती. मग तिने ट्रकच्या खणातून मासे मोजायची टेप काढली आणि म्हणाली, "चल बाबा, दाखव."

दोघं ट्रकने गेले. खिडकीतून बाहेर हात काढून तो तिला आत्तापासूनच काहीतरी दाखवत होता. मी मुकाट्याने त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. मला पुन्हा जायचं होतं, चांगलंच जायचं होतं, पण ते दोघं परत येईपर्यंत मी जागेवरून हलले नाही.